नऊ स्टॉपचा हिशेब

आषाढी वारीचं चित्रण करणाऱ्याला एकसारखा उजेड मिळत नाही. ज्येष्ठाच्या वद्य पक्षात पालख्या देहू-आळंदीहून निघतात, तेव्हा पाऊस नुकताच आलेला असतो किंवा येऊ घातलेला असतो. थोडा वेळ डोळे दिपवणारं ऊन, मग ढग, की पुन्हा ऊन. फोटो काढणारा अशा वेळी शटरचा वेग वाढवून निभावून नेतो. व्हिडिओ काढणाऱ्याला ती मुभा नसते. सेकंदाला २५ फ्रेम घ्यायच्या तर शटर १/५० वर ठेवायचं, हा या कामातला जुना रिवाज आहे. प्रत्येक फ्रेमच्या निम्मा वेळ शटर उघडं राहिलं की चालणारी पावलं आणि टाळ वाजवणारे हात डोळ्यांना सलग हलताना दिसतात. शटर १/१००० वर नेलं की तीच पावलं तुटक, झटके देत पडतात. म्हणून शटर आहे तिथेच ठेवून लेन्सपुढे उजेड कमी करणारी करडी काच लावतात. तिला न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर म्हणतात, बोलण्यात नुसतं एनडी. कडी फिरवून जिचा गडदपणा कमी-जास्त करता येतो ती व्हेरिएबल एनडी.

स्वस्तातली अशी एक काच घेऊन मी आमच्या भागातल्या दिंडीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चाललो. दिंडीवर एक छोटा माहितीपट करायचा होता. परत येऊन फुटेज बघितलं तेव्हा त्यातला बराच भाग वापरण्याजोगा नव्हता. काचेला दोष देऊन मोकळं होणं सोपं होतं, आणि सुरुवातीला मी तेच केलं. नंतर एकेक क्लिप पुन्हा बघितली, ती कोणत्या लेन्सने आणि कोणत्या सेटिंगवर घेतली ते ताडून पाहिलं, तेव्हा बहुतेक ठिकाणी निर्णय माझाच चुकला होता असं दिसलं. कमी पैशांत हे काम करू पाहणाऱ्या कुणाचं तरी एखाद्या वर्षाचं चित्रण वाचावं, म्हणून त्या चुका इथे सविस्तर मांडतो आहे.

पहिली काटकसर मी खरेदीच्याही आधी केली. व्हेरिएबल एनडी म्हणजे एकावर एक बसवलेले दोन पोलरायझर, एवढं कुठेतरी ऐकलं होतं. माझ्याकडे एक सर्क्युलर पोलरायझर होताच. मित्राकडून दुसरा आणला, एकावर एक चढवले आणि फिरवून पाहिले. उजेड कमी-जास्त होईना, रंग मात्र निळसर-पिवळसर होत राहिला. कारण नंतर कळलं. सर्क्युलर पोलरायझरच्या मागच्या बाजूला आणखी एक पापुद्रा असतो. तो प्रकाशाची एका दिशेत आलेली कंपनं गोल फिरती करतो. असा प्रकाश दुसऱ्या पोलरायझरवर पडला की तो कसाही फिरवा, निम्माच आत जातो. बाहेरचा पोलरायझर साधा, म्हणजे लिनिअर असता आणि आतला सर्क्युलर, तर तीच जोडी चालली असती. जुना लिनिअर पोलरायझर कुणाच्या कपाटात पडला असेल तर फुकटात सुरुवात करण्याचा हा खरा मार्ग आहे. मला तेव्हा तो माहीत नव्हता. जोडी चालत नाही एवढंच मी ठरवलं आणि बाजारात गेलो.

दुकानात मी एकच गोष्ट बघितली, डबीवरचा आकडा. एका डबीवर एनडी २ ते ३२ होतं, दुसरीवर एनडी २ ते ४००. दुसरी थोडी स्वस्तही होती, दीड हजारांच्या आत. जास्त आकडा कमी पैशांत मिळतो आहे, म्हणून मी ती घेतली. त्या आकड्याचा अर्थ असा. एनडी २ म्हणजे निम्मा उजेड, छायाचित्रणाच्या भाषेत एक स्टॉप कमी. एनडी ४ म्हणजे दोन स्टॉप, एनडी ८ म्हणजे तीन, एनडी ३२ म्हणजे पाच, एनडी ६४ म्हणजे सहा. एनडी ४०० म्हणजे उजेडाचा चारशेवा भाग, साधारण साडेआठ स्टॉप. मला किती स्टॉप लागणार आहेत हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता, आणि पुढच्या बहुतेक चुका या एका न विचारलेल्या प्रश्नातून निघाल्या.

पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते. वळणावळणाचा रस्ता पांढऱ्या टोप्यांनी आणि भगव्या पताकांनी भरून जातो. ते दृश्य टिपायला मी वाइड लेन्स लावून वरच्या अंगाला उभा राहिलो. ऊन कडक होतं. फिल्टर शेवटच्या खुणेपर्यंत फिरवला तेव्हा कुठे एक्स्पोजर बरोबर आलं. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर उन्हात काही नीट दिसत नव्हतं. घरी मोठ्या पडद्यावर दिसलं की चित्रावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारखा काळा पट्टा आहे. घाटाचं एक वळण काळवंडलं होतं, शेजारचं फिकट होतं. एडिटिंगमध्ये पुष्कळ खटपट केली, पण कॅमेरा सरकला की फुलीही दृश्यावरून सरकत होती. त्या क्लिप वापरता आल्या नाहीत.

ही फुली का येते ते समजलं की सगळ्या व्हेरिएबल एनडींचा स्वभाव समजतो. पोलरायझर एकाच दिशेतल्या प्रकाशकंपनांना वाट देतो. खिडकीच्या उभ्या गजांतून काठी उभी धरली तर आत जाते, आडवी धरली तर अडते, तसंच. दोन पोलरायझर एका दिशेत असले की पहिल्यातून आलेला प्रकाश दुसऱ्यातून जातो. एक फिरवत नेला की उजेड कमी होत जातो आणि काटकोनात जवळजवळ काळोख होतो. हा उतार सरळ नाही, तो कोनाच्या कोसाइनच्या वर्गाप्रमाणे जातो. समांतर स्थितीपासून ६० अंश फिरवलं तर दोनच स्टॉप उजेड कमी होतो. ८० अंशांवर पाच, ८५ वर सात, ८७ वर साडेआठ. म्हणजे शेवटच्या थोड्या अंशांत सगळी उलथापालथ होते. आता वाइड लेन्सकडे कडेने तिरका येणारा प्रकाश घ्या. त्याच्या दृष्टीने दोन्ही पोलरायझरमधला कोन मधल्या किरणांपेक्षा किंचित वेगळा असतो. कडी अर्ध्यावर असताना एवढ्याशा फरकाने काही बिघडत नाही. कडी टोकाला असली की त्याच फरकाने एका कर्णावर उजेड दुप्पट-चौपट होतो आणि दुसऱ्यावर तितकाच घटतो. महागड्या फिल्टरमध्येही हे भौतिकशास्त्र बदलत नाही. चांगला बनवणारा कडीला दोन्ही टोकांना अडसर ठेवतो आणि फुली सुरू होण्याआधीच कडी थांबवतो. माझ्या फिल्टरला अडसर नव्हता. डबीवरचा तो मोठा आकडा फुली पडण्याच्या पट्ट्यात जाऊनच मिळत होता.

पण मुळात मला एवढा गडदपणा का लागला? कारण मी लॉगमध्ये चित्रण करत होतो. लॉग म्हणजे ऊन आणि सावली दोन्हींतला तपशील टिकवणारं फिकं चित्र, त्यात रंग नंतर भरायचे. जाणकार मंडळी लॉग वापरतात, म्हणून मीही वापरलं. माझ्या कॅमेऱ्यात लॉग निवडलं की आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ८०० च्या खाली जात नाही. शिवाय पार्श्वभूमी धूसर यावी म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ २.८ वर. आता हिशेब करा. कडक उन्हात आयएसओ जितका, तितक्या भागावर शटर आणि ॲपर्चर एफ १६, हा फिल्मच्या काळापासून चालत आलेला ठोकताळा आहे. आयएसओ ८०० ला शटर १/८००. ते १/५० वर आणलं की चार स्टॉप जास्त उजेड. एफ १६ वरून एफ २.८ वर आलं की आणखी पाच. एकूण नऊ. माझ्या फिल्टरची कमाल साडेआठ. म्हणजे घर सोडण्याआधीच मी फिल्टरला टोकाच्या पलीकडे ढकललेलं होतं. हा हिशेब कागदावर दोन ओळींचा आहे. तो मी परत आल्यावर केला.

हिशेब केल्यावर आणखी एक गोष्ट कळली, आणि तिचा मला जास्त त्रास झाला. वारीत माणसामागची पार्श्वभूमी म्हणजे वारीच. डोक्यावर तुळस घेतलेल्या मावशींच्या मागे हजारो माणसं चालत असतात. त्यांना धूसर करून मी काय मिळवत होतो? एफ ८ वर मावशीही स्पष्ट आल्या असत्या आणि मागचा जनसागरही. साध्या प्रोफाइलमध्ये आयएसओ १०० ठेवला असता तर एफ ८ ला कडक उन्हात फक्त तीन स्टॉप लागले असते. त्यासाठी साधा, न फिरणारा एनडी ८ पुरला असता, आणि त्यात फुलीचा प्रश्नच नाही. माझा कॅमेरा ८ बिटमध्ये रेकॉर्ड करतो, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. तेवढ्या पायऱ्यांत लॉगचं फिकं चित्र ताणून रंग चढवले की आभाळात पट्टे पडतात. तसे ते पडलेही. लॉग माझ्या कॅमेऱ्यासाठी नव्हतं आणि या विषयासाठीही नव्हतं.

रंगाची चूक घाटाच्या क्लिपमध्ये लक्षात आली नाही, पुढे सपाटीवरच्या क्लिप बघताना आली. वारी हा फिल्टरच्या रंगाची परीक्षा घेणारा विषय आहे, कारण सगळीकडे पांढरं आहे: धोतर, सदरा, टोपी. स्वस्त पोलरायझर सगळ्या रंगांचा प्रकाश सारख्या प्रमाणात अडवत नाहीत. माझा फिल्टर मधल्या खुणांवर हिरवट-पिवळी झाक देत होता आणि शेवटाकडे जांभळट निळी. एकच छटा असती तर ती एडिटिंगमध्ये काढता आली असती. पण मी चालू क्लिपमध्येच ढगाबरोबर कडी फिरवत होतो. त्यामुळे एकाच माणसाचं धोतर एकाच क्लिपमध्ये पिवळटपासून निळसरपर्यंत गेलं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला होता, तो आपल्या परीने हा बदल निस्तरायला धावत होता आणि गोंधळ वाढवत होता. व्हेरिएबल एनडीचा मुख्य फायदा म्हणून जे सांगतात, म्हणजे चालू चित्रणात उजेड सावरणं, तेच माझ्या हातून सगळ्यात जास्त बिघडलं. आता मी क्लिप सुरू होण्याआधी कडी लावतो, त्या खुणेवर पांढऱ्या टोपीवरून नाहीतर कागदावरून व्हाइट बॅलन्स घेतो आणि क्लिप संपेपर्यंत कडीला हात लावत नाही. मधेच ढग आला तर आयएसओ थोडा वर-खाली करतो. रंग त्याने हलत नाहीत.

काळ्या रंगाचं नुकसान आणखी उशिरा दिसलं. पावसाच्या सरीत उघडलेल्या काळ्या छत्र्या चित्रात तपकिरी, काही तर मरून रंगाच्या आल्या होत्या. हा अवरक्त प्रकाशाचा परिणाम. पोलरायझरच्या साध्या पत्र्या दिसणारा प्रकाश अडवतात, अवरक्त बराचसा सोडून देतात. सेन्सरसमोर अवरक्त अडवणारी काच असते, पण तीही तो पूर्णपणे अडवत नाही. दिसणारा प्रकाश आठ स्टॉप घटवला आणि अवरक्त तसाच राहिला, की एरवी नगण्य असलेला त्याचा वाटा चित्रात दिसू लागतो. नायलॉनच्या छत्रीचा काळा रंग डोळ्यांना काळा असला तरी अवरक्त प्रकाश परत फेकतो, म्हणून ती छत्री तपकिरी होते. तीन-चार स्टॉपवर हा दोष जाणवत नाही. जेवढा गडद, तेवढा हा धोका जास्त.

नीरेच्या काठावरची चूक सगळ्यात खोल गेली. लोणंदला पोचण्याआधी माउलींच्या पादुकांना नीरा नदीत स्नान घालतात, वारकरीही नदीत उतरतात. ओले खांदे, पाण्यावरची चकाकी, निथळणारे केस यांतच त्या क्षणाचा जीव असतो. माझ्या चित्रात पाणी मातकट आणि निस्तेज आलं, आणि ओल्या चेहऱ्यांवरची झळाळी नाहीशी झाली. पाण्यावरून, ओल्या डांबरावरून, पानांवरून, घामेजल्या कातडीवरून तिरका परतणारा प्रकाश बराचसा एका दिशेत कंप पावतो, आणि बाहेरचा पोलरायझर नेमका तो कापतो. ज्याच्या नावाने तो कोसाइनच्या वर्गाचा नियम ओळखला जातो त्या एतिएन-लुई मालुस या फ्रेंच शास्त्रज्ञाला हे १८०८ साली पॅरिसमध्ये दिसलं होतं. लक्झेंबर्ग राजवाड्याच्या काचांवरून परतलेलं मावळतीचं ऊन तो कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहत होता. स्फटिक फिरवला की त्यातून दिसणाऱ्या दोन प्रतिमांची तेजस्विता बदलत होती. मी फिल्टर फिरवताना उजेड मोजत होतो आणि त्याच वेळी नकळत पाण्याची चकाकी पुसत होतो. त्याच क्लिपमध्ये पितळी टाळ मात्र झळकत होते. धातूवरून परतणाऱ्या प्रकाशाची कंपनं अशी एका दिशेत फारशी बांधली जात नाहीत, म्हणून पोलरायझर त्याला कापू शकत नाही.

हा दोष पैसे जास्त टाकून जात नाही, हे मला ठळकपणे सांगावंसं वाटतं. साध्या व्हेरिएबल एनडीत गडदपणा आणि चकाकी एकाच कडीला बांधलेली असतात. पाणी, ओला रस्ता, घामाने चमकणारा चेहरा हा विषय असेल तर न फिरणारा साधा एनडी लावावा. त्यात पोलरायझर नसतो, चकाकी जशी आहे तशी राहते. निळ्या आभाळाचं तसंच आहे. सूर्यापासून काटकोनात असलेलं आभाळ जास्त ध्रुवित असतं, म्हणजे त्याच्या प्रकाशाची कंपनंही बरीचशी एका दिशेत असतात, त्यामुळे वाइड लेन्सवर आभाळाचा एक भाग उगाच गर्द निळा होतो. दिंडीच्या ट्रकच्या बाजूच्या काचेत इंद्रधनुषी डाग दिसले, एका मुलाच्या हातातला मोबाइलचा पडदा काळा आला. या सगळ्यांचं मूळ एकच.

चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. तिथे अश्व धावतात तेव्हा जवळ जायला जागा नसते, म्हणून टेलिलेन्स. फिल्टर तोच, माप जुळवायच्या कड्या जोडून लावलेला. अश्वाच्या आयाळीचा, वारकऱ्यांच्या चेहऱ्यांचा तपशील एकाही क्लिपमध्ये तीक्ष्ण नव्हता. ऑटोफोकस चुकला असं मी धरून चाललो, धुळीलाही दोष दिला. घरी ट्रायपॉडवर तीच लेन्स लावून लांबच्या दुकानाची पाटी फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय टिपली. फिल्टरशिवाय अक्षरं कोरीव, फिल्टरसह कडा पसरलेल्या. दोन काचा आणि मधल्या पत्र्या पूर्ण सपाट आणि एकमेकींना समांतर नसल्या की वाइड लेन्सवर ते खपून जातं, २०० मिलिमीटरवर उघडं पडतं. ही परीक्षा निघण्याआधी कधीही करता आली असती. चांदोबाच्या लिंबाच्या रिंगणाला मात्र दुसरी वेळ त्या वर्षी नव्हती.

आणि मुक्कामाची समाज आरती. संध्याकाळी सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमतात, टाळ-मृदंगाचा गजर टिपेला पोचतो, चोपदार हातातला दंड वर करतात आणि सगळा तळ शांत होतो. उजेड उतरलेला असतो. मी फिल्टर काढायला गेलो तर तो लेन्सला घट्ट बसला होता. दिवसभर कडी फिरवताना ॲल्युमिनियमची हलकी चौकट आटे धरून आवळत गेली होती. घाईत मी तिला बोटांनी जोरात चिमटलं, त्याने चौकट किंचित लंबगोल होऊन आणखी रुतली. व्हेरिएबल एनडी कमीत कमी खुणेवर असला तरी पोलरायझर असल्यामुळे निम्म्याहून जास्त उजेड खातो, दीड ते दोन स्टॉप तरी. आयएसओ ३२०० वर जे जमलं असतं ते १२८०० वर न्यावं लागलं, आणि आरतीच्या चित्रणावर दाणेदार रंगीत कचरा पसरला. रुतलेली कडी काढताना तिच्यावर रबर गुंडाळायचं, तळहात सपाट ठेवून सर्व बाजूंनी सारखा दाब द्यायचा आणि हळू फिरवायचं. चिमटायचं नाही. फिल्टर काढायच्या प्लॅस्टिकच्या पकडी मिळतात, त्यांची एक जोडी आता माझ्या बॅगेत कायम असते. फिल्टर बसवताना शेवटचा आटा किंचित सैल सोडायची सवयही लावून घेतली आहे.

दिंडीतल्या मंडळींना मी जमलेलं काम दाखवलं. त्यांनी कौतुक केलं, चुका काढल्या नाहीत. आमचे विणेकरी काका स्वतःचं रूप बघून हसले आणि म्हणाले, धोतर मी नीळ घालून धुतलं होतं, हे पिवळं कसं दिसतंय? त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हतं. पहाटे उठून, मुक्कामावर मिळेल त्या पाण्यात धुतलेलं ते धोतर होतं. ते जसं होतं तसं दाखवणं एवढंच माझं काम होतं. त्या दिवसापासून मी चित्रणातला पांढरा रंग ही तांत्रिक बाब मानत नाही. समोरच्या माणसाने स्वतःला कसं सादर केलं आहे याचा मान त्यात असतो.

पुढच्या खेपेला मी दुकानात जाण्याआधी कागद घेऊन बसलो. आयएसओ १००, शटर १/५०. चेहरे एफ ४ वर घेणार, त्याला कडक उन्हात पाच स्टॉप, ढगाळ हवेत तीन, अगदी दाटून आलं तर दोन. गर्दीची दृश्यं एफ ८ वर, त्यांना उन्हात तीन. म्हणजे अख्ख्या वारीला दोन ते पाच स्टॉप पुरतात. ते एनडी २ ते ३२ मध्ये बसतात, मी पहिल्यांदा आकडा लहान म्हणून नाकारलेल्या पल्ल्यात. लहान पल्ल्याच्या फिल्टरला फुलीजवळ जावं लागत नाही, रंगाची झाक कमी राहते, अवरक्ताचा उपद्रवही कमी. म्हणून स्वस्तातला चांगला फिल्टर हवा असेल तर सगळ्यात कमी पल्ल्याचा, आपल्या गरजेला जेमतेम पुरणारा घ्यावा, असं माझं आता ठाम मत आहे.

दुसरं, मी सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा, ७७ मिलिमीटरचा एकच फिल्टर घेतला आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग घेतल्या. त्या दोन-तीनशे रुपयांना मिळतात. तीन मापांचे तीन हलके फिल्टर घेण्यापेक्षा त्याच पैशांत एक बरा येतो, शिवाय मोठ्या चौकटीची सावली कोपऱ्यात पडत नाही. यात एक अडचण आहे. बहुतेक लेन्सहूड मग बसत नाहीत, तिरकं ऊन काचेवर पडलं की चित्र धुरकट होतं. मी हाताने नाहीतर काळ्या पुठ्ठ्याने आडोसा करतो.

तिसरं, कॅमेरा बरोबर घेऊन गेलो. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा कुठल्याही शहरातल्या ओळखीच्या दुकानात, काच लावून बघू द्या म्हटलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. पांढरा कागद घेऊन कडीच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी एकेक क्लिप काढली. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून एका आकड्यावर बांधून ठेवला होता, त्यामुळे छटा लपायला जागा नव्हती. वाइड लेन्सवर कडी शेवटपर्यंत नेऊन मोकळं आभाळ टिपलं. टेलिलेन्सने समोरच्या पाटीची अक्षरं फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय घेतली. उन्हात काळी नायलॉनची छत्री टिपली. कडीला दोन्ही टोकांना अडसर आहे का, आणि ती एका बोटाने हलणार नाही इतकी जड पण दोन बोटांनी सहज फिरेल इतकी हलकी आहे का, ते पाहिलं. चार हजारांच्या आसपासचा फिल्टर या सगळ्यांत उतरला. त्याहून महाग एक कागदावर थोडी हिरवट छटा देत होता, म्हणजे किंमतही भरवशाची खूण नाही. मागवून घ्यायचा असेल तर परत करायच्या मुदतीत हीच परीक्षा पहिल्याच दिवशी करावी.

ज्यांच्याजवळ सगळे मिळून पाचेक हजार आहेत त्यांना मी खर्चाचा क्रम असा सांगेन. आधी एक साधा, न फिरणारा, बऱ्या प्रतीचा एनडी ८, मोठ्या मापाचा. पाणी, पाऊस, गर्दी आणि घाट तो एकटा सांभाळतो. मग स्टेप-अप रिंग. मग पैसे उरले तर दोन ते पाच स्टॉपचा व्हेरिएबल, तोही ऊन-ढगाच्या खेळात चेहरे टिपायचे असतील तरच. नऊ स्टॉप गडद करणाऱ्या काचेची गरज वाटू लागली तर काच शोधण्याआधी आपला आयएसओ आणि आपलं ॲपर्चर तपासावं, बहुतेक वेळा उत्तर तिथे असतं. ज्या माणसांचं चित्रण करायचं ती आपल्यासाठी दुसऱ्यांदा चालत नाहीत. त्यामुळे हिशेब आणि परीक्षा दोन्ही निघण्याआधी, घरी आणि दुकानात, पुऱ्या झाल्या पाहिजेत.